वाचनालयाच्या मासिक पत्रासाठी ई-मेल सेवेची निवड : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

७ जून २०२५

सदाशिव पेठेतील आमच्या वाचनालयाचे मासिक पत्रक आजवर छापून टपालाने जात होते. कागद, छपाई आणि तिकिटे यांचा खर्च वाढत गेल्याने ते ई-मेलने पाठवावे, असा ठराव कार्यकारिणीने केला आणि सेवा निवडण्याचे काम माझ्याकडे दिले. सभासद सुमारे चौदाशे आहेत आणि त्यांतील बरेच साठीच्या पुढचे आहेत. पत्र महिन्यातून दोनदा जाईल : एकदा नव्या पुस्तकांची यादी आणि एकदा एखादा सविस्तर लेख.

व्हॉट्सॲपचा विचार पहिल्याच बैठकीत झाला. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश मिळतो. शिवाय दोन हजार शब्दांचा लेख तेथे कोणी निवांत वाचत नाही. म्हणून ई-मेलच.

सेवा पाहण्याआधी आमच्या अटी लिहून काढल्या. सभासदांची यादी केव्हाही संपूर्ण उतरवून घेता आली पाहिजे. पत्र वाचनालयाच्या स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे संस्थेच्या नावाच्या ई-मेल पत्त्यावरून, गेले पाहिजे. मराठी मजकूर जसा लिहिला तसाच पोहोचला पाहिजे. बिल संस्थेच्या नावाने आले पाहिजे. सोयीसुविधांचे तक्ते नंतर पाहायचे असे ठरवले आणि हा क्रम पुढे फार उपयोगी पडला.

१४ जून

पहिल्या अटीचे कारण अलीकडच्या इतिहासात आहे. ट्विटरने घेतलेली रेव्ह्यू ही पत्रसेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली आणि मेलचिंप या ई-मेल सेवेच्या मालकीची टायनीलेटर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी. दोन्ही सेवांवर अनेकांची पत्रे सुरळीत चालली होती. ज्यांनी यादी उतरवून घेतली होती, त्यांचे वाचक टिकले.

आज पाहिलेल्या सेवा अशा. सबस्टॅक मोफत पत्रासाठी काहीच आकारत नाही. वाचकांकडून वर्गणी घेतल्यास तीतील १० टक्के ठेवते. एकट्या लेखकाला ती सोयीची आहे. परंतु पत्र सबस्टॅकच्या पत्त्यावरून जाते, त्यामुळे आमची दुसरी अट मोडते. घोस्ट हे २०१३ पासूनचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वर्गणीवर कमिशन घेत नाही, पण ते संपूर्ण संकेतस्थळ चालवण्यासाठी आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवले तरी सामूहिक पत्रांसाठी मेलगन या मेल पाठवणाऱ्या सेवेचे खाते वेगळे लागते. आम्हाला संकेतस्थळ नको आहे.

मेलचिंपचा दर संपर्कांच्या संख्येवर ठरतो आणि सदस्यत्व रद्द केलेली माणसेही, त्यांना अर्काइव्हमध्ये (जुन्या नोंदींच्या संग्रहात) हलवेपर्यंत, त्या संख्येत धरली जातात. ब्रेव्हो याउलट पाठवलेल्या मेलवर आकारते. तिच्या मोफत योजनेत दिवसाला ३०० मेल जातात, म्हणजे आमचे एक पत्र सर्वांपर्यंत पोहोचायला पाच दिवस लागतील. झोहो कॅम्पेन्सचे बिल रुपयांत मिळते, ही आमच्यासारख्या संस्थेला मोठी सोय आहे.

शेवटी लिस्टमंक. झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी गो भाषेत लिहिलेले हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एकाच फाइलमध्ये येते, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवते आणि मेल प्रत्यक्ष पाठवण्यासाठी कोणत्याही एसएमटीपी (मेल पाठवण्याची प्रमाण पद्धत) सेवेला जोडता येते. त्यासाठी सर्व्हर सांभाळणारा माणूस मात्र हवा, म्हणून आज ते यादीच्या तळाशी ठेवले.

२८ जून

मराठीची चाचणी. सर्वांत जास्त वेळ येथे गेला आणि तो जायलाच हवा होता. दोन तयार सेवांवर चाचणी खाती उघडली आणि मे महिन्याचा अंक दोन्हींवरून स्वयंसेवकांच्या फोनवर व संगणकावर पाठवला. त्या सेवांची नावे येथे देत नाही, कारण दोष कोणाचा यापेक्षा काय तपासायचे हे महत्त्वाचे आहे.

पहिला बिघाड विषयाच्या ओळीत झाला. ई-मेलच्या शीर्षभागात देवनागरी थेट जात नाही. ती सांकेतिक रूपात, जास्तीत जास्त ७५ चिन्हांच्या तुकड्यांमध्ये जाते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइटचे असते, त्यामुळे एका तुकड्यात पंधराच्या आसपास चिन्हे मावतात. तुकडा कोठे तोडायचा हे पाठवणारे सॉफ्टवेअर ठरवते. नियमाप्रमाणे एखादे चिन्ह मध्येच तोडता येत नाही, परंतु एका सेवेने ते तोडले आणि काही फोनवर विषयाच्या मधोमध प्रश्नचिन्ह असलेले चौकोन दिसले. ‘नवी पुस्तके’ एवढ्या छोट्या विषयावर हे कधीच कळले नसते. चाचणीला चाळीस-पन्नास अक्षरांचा, जोडाक्षरांनी भरलेला विषय घ्यावा.

दुसरा बिघाड अधिक गंभीर होता. अंकात सह्याद्रीतील भटकंतीवरच्या पुस्तकाचा परिचय होता आणि त्यातील ‘दऱ्या’ सर्वत्र ‘दर्या’ झाल्या होत्या. ‘दुसऱ्या’चेही तसेच झाले. आमचे जुने लेख श्रीलिपीच्या फाँटमध्ये जुळवलेले होते आणि ते युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीत आणणाऱ्या परिवर्तकाने अर्धा र काढण्यासाठी साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरले होते. एका सेवेचा संपादक मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे काढून टाकत होता, आणि ते चिन्ह गेले की र चा रफार होतो. उपाय सोपा निघाला : खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त अशी जोडी वापरली की अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही. सर्व जुन्या फाइलींमध्ये शोध-आणि-बदल करून ही दुरुस्ती केली. ‘अ‍ॅ’ लिहितानाही काही जण अदृश्य चिन्ह वापरतात. त्याजागी एकसंध ‘ॲ’ घेतला.

तिसरा दोष साच्यांचा. तयार साचे रोमन लिपीसाठी आखलेले असतात. शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडलेले असले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. ओळींमधील अंतर कमी असले की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आम्ही अक्षरांतील अंतर शून्य आणि ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट ठेवली. वेगळा फाँट जोडण्याचा नाद सोडला, कारण जीमेल तो वापरत नाही. अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर आणि विंडोजवर निर्मला हे ज्याच्या त्याच्या यंत्रातले फाँट पुरेसे चांगले दिसतात. अवतरणांसाठीची तिरकी अक्षरेही काढली. देवनागरी ओढून तिरकी केली की वाचवत नाही.

५ जुलै

जीमेल १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र कापते आणि खाली ‘संपूर्ण संदेश पाहा’ असा दुवा ठेवते. इंग्रजी पत्र लिहिणाऱ्यांना ही मर्यादा सहसा जाणवत नाही. मराठीत अडीच हजार शब्दांचा लेख सुमारे पंधरा हजार चिन्हांचा होतो, म्हणजे नुसता मजकूरच ४५ किलोबाइट. त्यावर ओढून-ठेवण्याच्या संपादकाने प्रत्येक परिच्छेदाला जोडलेली सजावट आली, वर्डमधून चिकटवताना आणखी भर पडली आणि आमचे चाचणी पत्र कापले गेले. कापलेल्या भागात सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा होता. तो ज्याला सापडत नाही तो माणूस पत्राला स्पॅम ठरवतो, आणि ते आपल्याला सर्वांत महाग पडते.

म्हणून एका रकान्याचा साधा साचा हाताने लिहिला. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकून, सजावट झडल्यावरच साच्यात घ्यायचा, असा नियम केला. तोच लेख आता मर्यादेच्या बराच खाली आला आहे. सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा तळाशी आणि माथ्यावर असा दोन्हीकडे ठेवला.

१९ जुलै

खजिनदारांबरोबर बैठक. तंत्राच्या दृष्टीने पुढे असलेली सेवा परदेशी होती आणि तिचे बिल डॉलरमध्ये, कार्डावरूनच भरायचे होते. संस्थेकडे क्रेडिट कार्ड नाही. मी माझ्या कार्डावरून भरून नंतर परतावा घेईन, असे सुचवले, त्यावर खजिनदार म्हणाले, “पावती संस्थेच्या नावाची नसेल तर मी त्यावर सही करणार नाही. उद्या तुम्ही नसलात तर बिल कोण भरणार?” त्यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. सार्वजनिक न्यासाच्या हिशेबाची तपासणी होते आणि खासगी कार्डावर उभी असलेली सेवा संस्थेची राहत नाही.

डॉलरच्या बिलाचे इतर पैलूही याच बैठकीत मांडले. जीएसटी क्रमांक नसलेल्या संस्थेला परदेशी ऑनलाइन सेवेवर १८ टक्के कर लागतो, बँक चलन बदलण्याचे शुल्क घेते, आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी नोंदवलेली संमती लागते. परदेशी विक्रेत्याने ती व्यवस्था केलेली नसेल तर वसुली नाकारली जाते आणि खाते बंद पडते. जाहिरातीतला दर आणि प्रत्यक्षात पडणारा दर यांत या सगळ्याचा फरक असतो. तुलनेच्या तक्त्यात तो धरलाच पाहिजे.

येथे परदेशी सेवांचा विषय संपला. उरल्या दोन वाटा : रुपयांत बिल देणारी भारतीय सेवा किंवा स्वतःचे लिस्टमंक.

२ ऑगस्ट

लिस्टमंक घ्यायचे ठरले. त्यामागे वाचनालयातील दोन तरुण स्वयंसेवक आहेत. दोघेही हिंजवडीत सर्व्हर सांभाळण्याचेच काम करतात आणि एक उपलब्ध नसेल तर दुसरा पाहील, असे त्यांनी लेखी दिले आहे. अशी दोन माणसे नसती तर मी झोहोची शिफारस केली असती. एकट्या माणसाच्या भरवशावर सर्व्हर उभा करू नये, हे आग्रहाने सांगतो.

मेल पाठवण्यासाठी ॲमेझॉनची एसईएस सेवा, मुंबई विभागातून. तिचा दर हजार मेलला १० सेंट आहे. महिन्याला दोन पत्रे, चौदाशे सभासद, म्हणजे २,८०० मेल आणि २८ सेंट. रुपयांत पंचवीसच्या आसपास, अधिक कर. बिल ॲमेझॉनच्या भारतीय कंपनीकडून, रुपयांत आणि संस्थेच्या नावाने येते. भाड्याच्या लहान सर्व्हरचे महिन्याला सुमारे पाचशे रुपये. एवढाच चालू खर्च, आणि तो सभासदांची संख्या दुप्पट झाली तरी फारसा वाढत नाही.

सॉफ्टवेअर बसवण्याचे काम एका दुपारीच झाले.

९ ऑगस्ट

डोमेनच्या नोंदींवर आठवडाभर अडकलो आहोत, कारण प्रत्येक बदल सर्वत्र पसरायला वेळ लागतो आणि चूक त्यानंतरच कळते.

एसईएस डोमेनसाठी डीकेआयएमच्या, म्हणजे मेलवरील डिजिटल सहीच्या, तीन सीनेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या) देते. त्या डोमेन विक्रेत्याच्या पानावर जशाच्या तशा भरल्या, पण पडताळणी होईना. ते पान नावाच्या शेवटी आपले डोमेन स्वतःहून जोडत होते, त्यामुळे प्रत्येक नोंदीत डोमेन दोनदा आले होते. नावाचा पुढचा भागच भरल्यावर काम झाले. नोंद केल्यावर ती प्रत्यक्षात काय दिसते हे बाहेरून तपासावे. विक्रेत्याच्या पानावर ती बरोबरच दिसत राहते.

दुसरी अडचण एसपीएफची, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणाऱ्या नोंदीची. कार्यालयाच्या नेहमीच्या मेलसाठी डोमेनवर एक एसपीएफ नोंद आधीच होती आणि पत्रासाठी शेजारी दुसरी जोडली गेली. एका नावावर अशा दोन नोंदी असल्या की तपासणी कायमच्या त्रुटीत निघते, म्हणजे पत्राबरोबर कार्यालयाच्या मेलचीही ओळख पटेनाशी होते. ग्रंथपालबाईंनी एका प्रकाशकाला पाठवलेली मेल स्पॅममध्ये सापडली तेव्हा हे लक्षात आले. जोडलेली नोंद काढली आणि पत्रासाठी वेगळे उपडोमेन घेऊन परतीच्या पत्त्याच्या नोंदी तेथे ठेवल्या. आता पत्राकडून काही बिघडले तरी कार्यालयाच्या मेलला त्याची झळ कमी बसेल. ही व्यवस्था पहिल्या दिवशीच करावी.

डीमार्कचे, म्हणजे ओळख न पटलेल्या मेलचे काय करावे याचे, धोरण सध्या केवळ निरीक्षणाचे ठेवले आहे. अहवाल स्वच्छ येऊ लागले की कडक करू.

२३ ऑगस्ट

एसईएसचे नवे खाते मर्यादित असते : २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि पडताळलेल्या पत्त्यांनाच. ही मर्यादा उठवण्यासाठी अर्ज करावा लागतो. पत्ते कसे गोळा केले, परत आलेल्या मेलचे काय करणार, सदस्यत्व कसे रद्द होते हे अर्जात सविस्तर आणि नेमके लिहिले, नमुना पत्राचा मजकूरही जोडला. मंजुरी मिळाली.

बुधवारी गणेश चतुर्थी आहे. विसर्जनापर्यंत पेठांमध्ये काही हलणार नाही, स्वयंसेवकही मंडळांच्या कामात असतील. पुढची नोंद त्यानंतर.

१३ सप्टेंबर

यादी. या कामाचा अंदाज सर्वांत कमी धरला होता.

सभासदांचे पत्ते प्रवेश-अर्जांवर हाताने लिहिलेले आहेत. काहींत जीमेलचे स्पेलिंगच चुकलेले, काहींत 1 हा आकडा आणि l हे अक्षर वेगळे ओळखू येत नाहीत, आणि जुन्या अर्जांवर पुण्याच्या व्हीएसएनएलचे पत्ते आहेत, जे केव्हाच मृत झाले. एसईएसवर परत येणाऱ्या मेलचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येते आणि १० टक्क्यांवर पाठवणे थांबवले जाऊ शकते. स्पॅमच्या तक्रारींसाठी याच मर्यादा ०.१ आणि ०.५ टक्के आहेत. अशी यादी थेट वापरली असती तर पहिल्याच पत्रात खाते गमावले असते.

आधी एका लहान स्क्रिप्टने ज्या डोमेनवर मेल स्वीकारणारा सर्व्हरच नाही ते पत्ते वेगळे काढले. उरलेल्या शंकास्पद पत्त्यांसाठी दूरध्वनी केले.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न संमतीचा. हे पत्ते सभासदत्वासाठी दिलेले होते, पत्रासाठी नव्हे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमती विशिष्ट हेतूसाठी असावी, ती काढून घेणे देण्याइतकेच सोपे असावे आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत वाचण्याची सोय असावी असे सांगतो. कायदा नसता तरी वाचनालयाने असेच वागायला हवे, असे मला वाटते. म्हणून दुहेरी संमतीची पद्धत घेतली : नाव नोंदवल्यावर मेल येते, तीतील दुवा दाबल्यावरच सभासद यादीत जातो. लिस्टमंकची सगळी वाक्ये एका फाइलमध्ये असतात. तिथे सभासदांना दिसणारी पाने संपूर्ण मराठीत केली.

दुवा दाबणारे मात्र फारच थोडे निघाले. अनोळखी दुवा दाबू नका, असे ज्येष्ठांना घरी सतत सांगितले जाते आणि ते योग्यच सांगतात. मग देवघेवीच्या टेबलावर मराठी सूचना लावली आणि पुस्तक बदलायला आलेल्या सभासदाच्या हातातील फोनवर तिथेच नोंदणी करून द्यायला सुरुवात केली. यादी हळू वाढते आहे, पण जे येत आहेत ते खरोखर वाचणारे आहेत.

२७ सप्टेंबर

पहिले पत्र गेले. सर्वांना एकदम न पाठवता, रोज येणाऱ्या सभासदांना आधी आणि इतरांना पुढील दिवसांत गट करून पाठवले. नव्या डोमेनला अचानक मोठा भार दिसला की मेल सेवा साशंक होतात. परत आलेल्या मेलची सूचना एसईएसकडून थेट लिस्टमंककडे येते आणि कायमचा नकार आला की तो पत्ता आपोआप बाद होतो. ही जोडणी पहिल्या पत्राआधी चालू असल्याची खात्री करावी.

जीमेलचे फेब्रुवारी २०२४ पासूनचे कडक नियम दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत. आम्ही त्याच्या खूप खाली असूनही ते सगळे पाळले : दोन्ही प्रकारची ओळख (एसपीएफ आणि डीकेआयएम), डीमार्क आणि एका टिचकीत सदस्यत्व रद्द करण्याची सोय.

किती जणांनी पत्र उघडले याची मोजणी बंद ठेवली आहे. २०२१ पासून ॲपलचे मेल ॲप चित्रे स्वतःच आधी उतरवून घेऊ शकते, त्यामुळे ते आकडे विश्वसनीय राहिलेले नाहीत. आणि कोणता सभासद काय वाचतो यावर नजर ठेवणे वाचनालयाला शोभत नाही.

११ ऑक्टोबर

काही सभासद कोणतीही तक्रार नसताना यादीतून गेले. चौकशीत कळले की त्यांनी पत्र मुलांना किंवा मित्रांना पुढे पाठवले होते आणि पुढच्याने ते आपल्याला नको म्हणून तळाचा दुवा दाबला होता. दुव्यात मूळ सभासदाची ओळख असते. आता दुव्याजवळ स्पष्ट लिहिले आहे : ‘हे पत्र आपल्याला कोणी पुढे पाठवले असेल, तर कृपया हा दुवा दाबू नये, त्यामुळे पाठवणाऱ्याचे सदस्यत्व रद्द होईल.’ रद्द करण्याच्या पानावरही खात्री विचारली जाते. त्यानंतर असे घडलेले नाही.

१ नोव्हेंबर

दिवाळी अंक योजनेचे पत्र व्यवस्थित गेले. अंकांची यादी, वर्गणी आणि देवघेवीच्या वेळा असे हे वर्षातील सर्वांत लांब पत्र होते. मुखपृष्ठांची चित्रे पत्रात दुव्याने येतात, त्यामुळे १०२ किलोबाइटची मर्यादा ओलांडली गेली नाही.

आज पहिल्या अटीची परीक्षा घेतली. संपूर्ण यादी सीएसव्ही (साध्या मजकुरातील तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवली आणि दुसऱ्या संगणकावर कोऱ्या लिस्टमंकमध्ये भरली. नावे आणि पत्ते सगळे जुळले. तीच फाइल खजिनदारांनी एक्सेलमध्ये थेट उघडली तेव्हा मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली. एक्सेलच्या डेटा विभागातून, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेतपद्धती निवडून ती आत घेतली की नावे नीट दिसतात. तशीच जतन केली असती तर नावे कायमची गेली असती, म्हणून मूळ फाइल केवळ वाचण्यापुरतीच खुली ठेवली आहे.

डोमेन, सर्व्हर आणि एसईएस यांची खाती संस्थेच्या ई-मेलवर नोंदवली. संकेतशब्दांचे बंद पाकीट कार्यवाहांच्या कपाटात ठेवले आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख खजिनदारांच्या नोंदवहीत लिहिली. डीमार्कचे अहवाल स्वच्छ आहेत. पुढील आठवड्यात धोरण ‘अलग ठेवा’ या पायरीवर नेऊ.